डबीतला रुपया पुन्हा पाठवायचा का?

सोलापूरचे नाव मोगली चांदीवर उमटले ते औरंगजेबाच्या कारकिर्दीत. 1668 मध्ये विजापूरच्या आदिलशहाने सोलापूरचा किल्ला मोगलांच्या हवाली केला आणि पुढे या गावाच्या नावाने रुपये पडू लागले. वजन साडेअकरा ग्रॅमच्या आसपास, चांदी जवळजवळ शुद्ध. एका बाजूला बादशहाच्या नावाचा फारसी मजकूर, दुसऱ्या बाजूला राज्यारोहणापासूनचे वर्ष आणि टांकसाळीचे नाव. हे सगळे हातोड्याच्या घावाने. ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान, त्यामुळे प्रत्येक रुपयावर मजकुराचा थोडा थोडा भागच उतरे. टांकसाळीचे नाव कडेला आले की अर्धे चकतीबाहेर जाई. ज्या रुपयावर ‘शोलापूर’ पूर्ण वाचता येते तो जरा झिजलेला असला तरी जाणकार संग्राहक हातचा सोडत नाही. गावाचे नाव कापले गेलेला रुपया कितीही लखलखीत असो, त्याला तो दुसरा क्रमांक देतो.

नाण्यांना प्रत देणाऱ्या ग्रेडिंग कंपन्यांच्या सत्तर गुणांच्या मोजपट्टीला मात्र हा क्रम मान्य नाही. ती झीज मोजते, ओरखडे मोजते, झळाळी मोजते. नाव पूर्ण आले की अर्धे, याला तिच्यात फारसे स्थान नाही. म्हणून पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत बंद होऊन आलेल्या, लेबलावर कंपनीचे नाव, एक आकडा आणि बारकोड असलेल्या नाण्याबद्दल जेव्हा प्रश्न निघतो, ‘हे पुन्हा ग्रेडिंगला पाठवावे का?’, तेव्हा आधी विचारायला हवे की पुन्हा पाठवून नेमके काय हवे आहे. आकडा हवा, लेबलावरची दुरुस्ती हवी, नवी डबी हवी, की खरेपणाची खात्री? चारही गोष्टींना सरसकट ‘रिग्रेडिंग’ म्हटले जाते. वाटा मात्र चार आहेत, खर्च वेगळा आणि धोकाही वेगळा. आणि भारतात राहणाऱ्याला या चारही वाटांच्या आधी एक फाटक लागते, ते कायद्याचे.

नाणे पारखून त्याची प्रत ठरवणे हा उद्योग अमेरिकेतून आला, पण ती गरज इथे नवी नाही. मराठ्यांच्या खजिन्यात पोतदार बसत असे. येणारे प्रत्येक नाणे कोणत्या टांकसाळीचे, चांदी किती, झीज किती, हे पाहून तो त्यावर बट्टा ठरवी. सोलापूरला तर हा हिशेब विसाव्या शतकापर्यंत रोजचा होता. जिल्हा इंग्रजांच्या मुलखात, आणि थोडे पूर्वेला गेले की निजामाची हद्द. इकडे कलदार रुपया, तिकडे हाली सिक्का. सर्वसाधारण दर सात हालींना सहा कलदारांचा. रेल्वे 1860 मध्ये आली, ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी 1877 मध्ये उभी राहिली, नळदुर्ग-उस्मानाबादकडून माल आणि माणसे येत राहिली, आणि सराफाच्या गादीवर दोन राज्यांचा पैसा शेजारी शेजारी पडत राहिला. जुन्या रुपयांवर टोच्याच्या लहान खुणा दिसतात त्या अशाच पारखणाऱ्यांच्या. आजच्या ग्रेडिंग कंपनीला ती खूण इजा वाटते. पूर्वी तीच खूण पारख झाल्याची साक्ष होती.

सत्तरची मोजपट्टी विल्यम शेल्डन या अमेरिकन संग्राहकाने 1949 मध्ये मांडली, तीही फक्त अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी. त्याचा हिशेब बाजाराशी जोडलेला होता: अगदी झिजलेल्या नाण्याला एक डॉलर, तर निर्दोष नाण्याला सत्तर. बाजारभाव बदलले, हिशेब कोलमडला, आकडे मात्र उरले आणि सगळ्या धातूंना, सगळ्या देशांना लागू झाले. 1970 च्या दशकात अमेरिकन न्युमिस्मॅटिक असोसिएशनने ते अधिकृतपणे स्वीकारले. मग पीसीजीएस ही ग्रेडिंग कंपनी 1986 मध्ये कामाला लागली, एनजीसी ही दुसरी 1987 मध्ये निघाली, आणि नाणे बंद डबीत घालून विकण्याची रीत रूढ झाली. साठपासून सत्तरपर्यंतचे आकडे चलनात न फिरलेल्या नाण्यांचे. त्यांच्याआधी ‘एमएस’ ही अक्षरे येतात. पन्नास ते अठ्ठावन्न म्हणजे किंचित फिरलेले, ‘एयू’. नाण्याला इजा झालेली असेल तर आकडाच मिळत नाही. लेबलावर ‘डिटेल्स’ असा शेरा येतो आणि त्यापुढे कारण.

भारतातल्या संग्राहकाकडे डबीबंद नाणे येते ते दोन वाटांनी. एक तर परदेशातल्या लिलावातून डबीसकट विकत घेतलेले, किंवा इथून मध्यस्थामार्फत पाठवून ग्रेड करून आणलेले. त्यामुळे ‘पुन्हा पाठवू’ हा विचार सहज येतो. जे एकदा गेले ते दुसऱ्यांदाही जाईल, असे वाटते. इथेच घोटाळा होतो.

पुरावस्तू आणि कलावस्तू कायदा 1972 चा. अंमल 5 एप्रिल 1976 पासून. त्यात पुरावस्तूची व्याख्या करताना अगदी आरंभीच नाण्याचे नाव येते. शंभर वर्षांहून कमी नाही एवढे वय झालेले कोणतेही नाणे पुरावस्तू ठरते. ते सोन्याचे की तांब्याचे, दुर्मीळ की पोत्याने मिळणारे, याचा काही संबंध नाही. आणि पुरावस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा सरकारने अधिकृत केलेल्या यंत्रणेला. खासगी माणसाने ती ग्रेडिंगसाठी कुरिअरने फ्लॉरिडाला किंवा कॅलिफोर्नियाला पाठवली, मग ती महिन्याभरात परत येणार असली तरी, ती निर्यातच. शिक्षा किमान सहा महिने, कमाल तीन वर्षे कैद, शिवाय दंड. कस्टम्सकडून जप्ती होते ती वेगळी. भारतीय लिलावगृहांच्या सूचीत शंभर वर्षांवरील नाणी देशाबाहेर नेता येणार नाहीत अशी सूचना असते ती याचसाठी. संग्राहक ती सूचना परदेशी खरेदीदारासाठी आहे असे समजून पुढे वाचतो. ती त्यालाही तितकीच लागू आहे.

शंभर वर्षांची ही रेघ दर वर्षी एक पाऊल पुढे सरकते. 1911 चा ‘डुक्कर रुपया’ घ्या. पंचम जॉर्जच्या अंगरख्यावरच्या पदकमाळेत हत्ती होता, पण सोंड आणि पाय इतके आखूड कोरले गेले की लोकांना ते डुक्कर वाटले. त्या वर्षी पाडलेल्या सुमारे 94 लाख रुपयांपैकी सात लाखांच्या आसपास बाहेर गेले होते. उरलेले वितळवले गेले आणि 1912 पासून हत्ती नीट दिसेल असा ठसा आला. हा रुपया 2010 मध्ये कुणी अमेरिकेला पाठवून डबीत घालून आणला असेल, तर त्यावेळी त्याने शंभरी गाठली नव्हती. आज तोच रुपया, तीच डबी, तोच मालक; पण तडा गेलेली डबी बदलण्यासाठीसुद्धा ती देशाबाहेर पाठवता येत नाही.

रुपयांच्या बाबतीत ही रेघ सध्या थबकलेली आहे. पंचम जॉर्जचे चलनातले रुपये 1911 ते 1922 या सालांचे. त्यानंतर चलनासाठी रुपया पुन्हा पडला तो 1938 हे साल घेऊन, सहाव्या जॉर्जच्या मुद्रेचा. म्हणजे व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड आणि पंचम जॉर्ज यांचे घरोघरी असलेले रुपये आज सगळेच पुरावस्तू आहेत. सहाव्या जॉर्जचे रुपये 2038 पर्यंत नाहीत. लहान नाण्यांचे तसे नाही. पाव आणा आणि पै त्यानंतरही पाडल्या जात राहिल्या, त्यामुळे 1926 चा पाव आणा 2026 मध्ये रेघ ओलांडतो, 1927 चा त्याच्या पुढल्या वर्षी. वयाबद्दल शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला घेण्याची सोय आहे. सालच छापलेले असलेल्या नाण्याबाबत मात्र शंकेला जागा उरत नाही.

तर पहिला निर्णय असा लागतो: औरंगजेबाचा सोलापुरी रुपया, शिवराई, होळकरांच्या महेश्वर टांकसाळीचा शिवलिंग आणि बेलपान असलेला रुपया, राणीछाप रुपया, हे काहीही परदेशातून डबीत आलेले असले तरी आता इथेच राहणार. त्याच्या आकड्याबद्दल कितीही असमाधान असो, दुसरे मत मागायला ते पाठवता येणार नाही. काही व्यापारी ‘होतं मॅनेज’ म्हणतात. त्यांच्या नादाला लागू नये. नाणे जप्त झाले तर मध्यस्थाचे नाही, मालकाचे जाते.

मग उरतात शंभरीच्या आतली नाणी: सहाव्या जॉर्जचे रुपये, अर्धे रुपये आणि पावल्या, स्वातंत्र्यानंतरची नाणी, स्मरणनाणी, शिवाय परदेशी नवी नाणी. यांच्यासाठी प्रश्न खरोखर खुला आहे. इथे चारही वाटा एकेक करून पाहाव्या लागतात.

सर्वात साधी वाट म्हणजे फक्त डबी बदलून घेणे. डबीला तडा गेला, वरचा भाग इतका ओरखडला की नाणे नीट दिसत नाही, तर कंपनी त्याच आकड्यासह नव्या डबीत घालून देते. धोका जवळजवळ नाही. फायदाही तेवढाच, दिसण्यापुरता. दुसरी वाट त्याच कंपनीकडे फेरतपासणीची. तिसरी वाट ‘क्रॉसओव्हर’ची, म्हणजे एका कंपनीच्या डबीतले नाणे दुसऱ्या कंपनीच्या डबीत नेण्याची. यात किमान किती आकडा हवा ते आधी लिहून देता येते. तेवढा मिळत नसेल तर जुनी डबी न फोडताच परत येते, शुल्क मात्र जाते. चौथी वाट डबी स्वतः फोडून नाणे सुटे करून नव्याने पाठवण्याची. बाजारात हिला ‘क्रॅक-आउट’ म्हणतात आणि तिच्याबद्दलच्या यशोगाथाच तेवढ्या ऐकू येतात. डबी फुटली की कंपनीची हमी संपते. आकडा खाली येऊ शकतो, ‘डिटेल्स’चा शेरा पडू शकतो, आणि डबी उचकटताना पकड घसरली तर निर्दोष नाण्यावर कायमचा घाव बसतो. लहान गावातल्या संग्राहकाने, जो वर्षात एखाद-दुसरे नाणे पाठवतो, या वाटेला जाऊ नये हे स्पष्टच सांगितले पाहिजे. हा खेळ शेकडो नाणी हाताळणाऱ्या व्यापाऱ्यांचा आहे. त्यांचे एका नाण्यातले नुकसान दुसऱ्यात भरून निघते.

आकडा वाढेल या आशेचा पाया मात्र खोटा नाही. ग्रेडिंग हे माणसांचे मत आहे. दोन-तीन परीक्षक नाणे दिव्याखाली फिरवून पाहतात आणि एक आकडा ठरतो. एका नाण्याच्या वाट्याला फार वेळ येत नाही. अमेरिकेतल्या ‘कॉइन वर्ल्ड’ या साप्ताहिकाने 2003 मध्ये वर्षभर केलेली चाचणी प्रसिद्ध आहे. तीच ती नाणी त्यांनी वेगवेगळ्या कंपन्यांकडे पाठवली. एकाही नाण्यावर सगळ्या कंपन्यांचे एकमत झाले नाही. काही नाण्यांत तफावत सात गुणांपर्यंत गेली. म्हणून ‘माझ्या 62 चा 63 होईल’ ही अपेक्षा वेडेपणाची नाही. तितक्याच सहजपणे त्याचा 61 होऊ शकतो, एवढेच लक्षात ठेवायचे.

हिशेब करून पाहावा. समजा एखाद्या नाण्याचे 62 आणि 63 यांतल्या भावाचे अंतर सहा हजार रुपये आहे. कंपनीचे शुल्क, जाण्यायेण्याचा विमा, मध्यस्थाचा मोबदला आणि परत येतानाचे कस्टम्स मिळून चार हजार लागतात. चार नाण्यांमागे एकाचा आकडा वाढतो असे धरले, तर चार नाणी पाठवायला सोळा हजार गेले आणि सहा हजार आले. अंतर चाळीस हजारांचे असेल तर हिशेब उलटतो. म्हणजे लेबलावरच्या आकड्यापेक्षा त्या आकड्याच्या लगतच्या पायरीवर भाव किती उडी घेतो हे पाहायचे. बहुसंख्य भारतीय नाण्यांत ती उडी मोठी नसते. ज्यांच्यात असते, त्यांची नावे संग्राहकाला पाठ असतात.

सोलापूरसारख्या ठिकाणी, खरे तर महाराष्ट्रात सगळीकडेच, आकडा कमी येण्याचे एक कारण मात्र कंपनीच्या मतभेदात नाही. ते देव्हाऱ्यात आहे. धनत्रयोदशीला आणि लक्ष्मीपूजनाला घरातले चांदीचे रुपये बाहेर निघतात. आधी ते घासले जातात: चिंचेने, राखेने, रांगोळीने, दंतमंजनाने, अलीकडे तयार भुकटीने. मग पंचामृत, मग हळदकुंकू, मग पुन्हा धुऊन कोरडे पुसणे. टांकसाळीतून निघालेल्या नाण्याच्या पृष्ठावर धातूच्या वाहण्याच्या अतिसूक्ष्म रेषा असतात. नाणे दिव्याखाली हलवले की उजेडाची एक पट्टी त्यावरून फिरते, ती या रेषांमुळे. ठशाखाली धातू दाबला जाताना त्या तयार होतात आणि पुन्हा कधीही तयार करता येत नाहीत. पन्नास दिवाळ्या घासलेला रुपया आरशासारखा चकाकतो, पण ती पट्टी फिरत नाही. भिंगाखाली एका दिशेने गेलेले केसाएवढे चरे दिसतात. अशा नाण्याला ‘क्लीन्ड’ असा शेरा येतो आणि तो बरोबरच असतो. फेरतपासणीने तो पुसला जात नाही.

दागिन्यांचे तसेच. रुपयांच्या माळा घराघरांत होत्या. सोलापूर जिल्ह्यातल्या लमाण तांड्यांवरच्या स्त्रियांच्या अंगावर तर नाणी पिढ्यान्‌पिढ्या मिरवली. कडी डागलेली, मग कधी मोडीत देताना काढून टाकलेली. कडेवर डागाची जागा राहते, कितीही घासली तरी. लेबलावर त्याचीही नोंद होते. अशा नाण्याला आकडा मिळावा म्हणून पैसे घालवणे व्यर्थ आहे. पण ते कुणाच्या माळेतले, कुठल्या तांड्यावरचे, हे माहीत असेल तर लिहून ठेवणे व्यर्थ नाही. ज्या रुपयांची जागा पूजेत आहे त्यांनी खुशाल पूजेतच राहावे. ज्यांची जागा संग्रहात आहे त्यांना हळदकुंकू लावू नये, एवढे घरात ठरले तरी पुष्कळ नाणी वाचतील.

उन्हाळ्याचा एक मुद्दा याला जोडून. सोलापुरात पारा चाळिशी सहज ओलांडतो. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटांतून उष्णतेत जे स्रवते त्याने नाण्यावर हिरवट, चिकट थर येतो. तो वरवरचा असतानाच जाणकाराकडून काढून घेतला तर नाणे वाचते. मुरला तर चांदी खाल्ली जाते. आणि डबीबंद नाणे सुरक्षितच, हाही गैरसमज आहे. ती डबी हवाबंद नसते. आतली चांदी काळवंडू शकते, तांब्याचा लाल रंग तपकिरी होऊ शकतो. तांब्याच्या रंगाची हमी तर पीसीजीएसने 2010 पासून देणे थांबवले. दहा वर्षांपूर्वी ज्या नाण्याला आकडा मिळाला ते आज तसेच असेल असे नाही, आणि बिघडलेले नाणे फेरतपासणीला पाठवणे म्हणजे बिघाडाची अधिकृत नोंद करून घेणे.

आता जिथे पुन्हा पाठवणे खरोखर योग्य ठरते त्या बाजूकडे. आकड्यासाठी नव्हे, ओळखीसाठी.

मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी संग्राहकांच्या मागणीवरून जुन्या ठशांनी नाणी पुन्हा पाडून देत. ही प्रथा 1970 पर्यंत चालली. ती नाणी खोटी नव्हेत, पण मूळही नव्हेत. मूळ प्रूफ (चलनासाठी नव्हे, खास काळजीने पाडलेले नाणे) आणि पुनर्मुद्रित प्रूफ यांच्या भावात अनेक पटींचे अंतर असते. लेबलावर चुकून एकाच्या जागी दुसरे छापले गेले असेल, टांकसाळीची खूण वाचायची राहिली असेल, ठशाचा प्रकार चुकीचा नोंदला असेल, तर दुरुस्तीसाठी पाठवणे सार्थ आहे. स्वतंत्र भारताच्या नाण्यांतही हेच. सालाखालची चौकट मुंबईची, तारा हैदराबादचा, टिंब नोएडाचे, काहीच नसेल तर कोलकाता. काही वर्षांत एका टांकसाळीचे नाणे सहज मिळते आणि दुसरीचे शोधावे लागते. इथे मत बदलायचे नसते, चूक दाखवून द्यायची असते. सोबत पुरावा जोडता येतो: प्रिडमोर यांची ब्रिटिश भारतीय नाण्यांची सूची, किंवा स्टीव्हन्स आणि वीअर यांचे 1835 ते 1947 च्या नाण्यांवरचे 2012 मधले पुस्तक.

मराठा आणि मोगल नाण्यांत अशा चुका अधिक होतात, कारण वाचन अवघड. पण ती नाणी बाहेर पाठवता येत नाहीत. मग काय करायचे? इथेच जाणकार आहेत. नाशिकजवळ अंजनेरीला भारतीय मुद्राशास्त्र संशोधन संस्था आहे. डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांच्या मार्गदर्शनाखाली ती 1980 मध्ये उभी राहिली. मराठ्यांच्या टांकसाळींवरचा महेश्वरी आणि विगिन्स यांचा 1989 मधला ग्रंथ अभ्यासकांच्या हाताशी असतो. सोलापूरहून रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघाले की सकाळी मुंबईत रिझर्व्ह बँकेचे मुद्रा संग्रहालय आणि तिथून जवळच टांकसाळ. अस्सल नाणी शेजारी ठेवून पाहण्याची सवय डोळ्यांना अशाच ठिकाणी लागते. अभ्यासकाने सही करून दिलेले चार ओळींचे वाचन, सोबत नाण्याचे वजन, व्यास आणि छायाचित्रे, हे कागद डबीच्या लेबलाइतके चकचकीत दिसत नाहीत. सोलापुरी रुपयाच्या बाबतीत ते लेबलापेक्षा जास्त सांगतात.

खरेपणाच्या शंकेसाठी पुन्हा तपासणी किती मोलाची ठरते याचे उदाहरण अमेरिकेचेच द्यावे लागते. तिथे 1913 सालाच्या ‘लिबर्टी’ निकेलची, म्हणजे पाच सेंटची, पाचच नाणी माहीत आहेत. त्यांपैकी एक जॉर्ज वॉल्टन या व्यापाऱ्याकडे होते. 1962 मध्ये तो मोटार अपघातात गेला. वारसांनी संग्रह विकायला दिला तेव्हा लिलाववाल्यांनी हे नाणे साल बदललेले, म्हणजे खोटे, असे सांगून परत केले. ते पाकिटात घालून कपाटात गेले आणि चार दशके तिथेच राहिले. 2003 मध्ये बाल्टिमोरच्या प्रदर्शनात उरलेली चार नाणी एकत्र येणार होती. घरच्यांनी आपले नाणे नेले. सहा तज्ज्ञांनी पाचही नाणी शेजारी ठेवून पाहिली आणि ते अस्सल ठरवले. दहा वर्षांनी, एप्रिल 2013 मध्ये, ते 31 लाख 72 हजार 500 डॉलरला विकले गेले. चूक सापडली कशी, तर अस्सल नमुना शेजारी ठेवल्यामुळे. आणि कुटुंबाने एक गोष्ट बरोबर केली होती: खोटे ठरल्यावरही नाणे टाकून दिले नव्हते, की ‘सुधारण्यासाठी’ घासले नव्हते.

साल बदलण्याची हीच शंका महाराष्ट्रातल्या संग्राहकाला 1939 च्या रुपयाबाबत येते. सहाव्या जॉर्जचा, 11.66 ग्रॅमचा, बारा भागांत अकरा भाग चांदी असलेला हा शेवटचा चांगल्या चांदीचा रुपया. 1940 पासून चांदी निम्म्यावर आली. युद्धाच्या दिवसांत जुनी चांदी साठवली गेली, वितळवली गेली, आणि 1939 साल असलेले रुपये फार थोडे उरले. 1938 चे रुपये मात्र मुबलक. आठाचा नऊ करायला कौशल्य लागते, पण मिळकत मोठी असल्यामुळे ते करणारे आहेत. पुन्हा पाडलेले 1939 चे प्रूफही बाजारात आहेत. शिवाय डबीसुद्धा खोटी असू शकते. मोठ्या कंपन्यांच्या लेबलांची आणि डब्यांची नक्कल होते.

असा डबीबंद 1939 चा रुपया हाती असेल तर काम या क्रमाने करावे. आधी लेबलावरचा क्रमांक कंपनीच्या नोंदीत तपासायचा. नोंद सापडली म्हणजे झाले असे नाही. तिथले छायाचित्र आणि हातातले नाणे यांतले डाग, ओरखडे, कडेचे दाते एकेक करून जुळवायचे. मग एकाच दिव्याखाली, डबी तिरकी करत, राजाच्या गालावर, भुवईवर आणि मुकुटाच्या उंच भागावर झीज आहे का ते पाहायचे. तिथे धातू निस्तेज दिसत असेल तर एमएसचा आकडा आधीच उदार आहे, आणि तो पुन्हा तपासून घेण्यात तोटाच. नवाची शेपटी आठाच्या वळणातून निघाल्यासारखी वाटते का, त्याभोवतीची जमीन खरवडलेली दिसते का, हे दहापट भिंगाने पाहायचे. लेबलावर मूळ की पुनर्मुद्रित याचा उल्लेख आहे का ते वाचायचे. खरेदीची पावती, लिलावाची सूची, जुने लेबल यांची छायाचित्रे एकत्र ठेवायची. वारसांना त्यांचा उपयोग होणार आहे.

एवढे करून ओळखीबद्दल शंका उरली, तर पाठवावे. डबी न फोडता, विमा उतरवून, मध्यस्थाकडून लेखी पावती घेऊन. ओळख पक्की असून फक्त आकडा एकाने वाढावा असे वाटत असेल, तर आधी दोन लगतच्या आकड्यांचे खरे विक्रीभाव काढावेत. जाहिरातीतले नव्हे, लिलावात प्रत्यक्ष उठलेले. आणि निर्णय फार लांबवूही नये. 1939 चा रुपया 2039 मध्ये पुरावस्तू होईल. त्याच्या लेबलावर जे काही दुरुस्त करून घ्यायचे असेल, ते त्याआधी.